हरिकेन, इंफाळ १९४४ (१/४८): डोंबिवलीच्या बाल्कनीतल्या नोंदी

८ जून

दोन वर्षं माळ्यावर पडलेलं प्लास्टिकच्या विमानाचं किट आज खाली काढलं. हॉकर हरिकेन मार्क टू-सी, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, स्केल १/४८. पावसाळ्यात विमान रंगवायला घेऊ नये हे मला दरवर्षी माहिती असतं आणि दरवर्षी मी पावसाळ्यातच घेतो, कारण उरलेले आठ महिने शनिवार-रविवार घरी कोण बसतं.

पार्ट मोजून घेतले, सगळे आहेत. एका स्प्रूवर (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात ती) फ्लॅश, म्हणजे साच्यातून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, बराच आहे म्हणजे साचा जुना झालाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोन वर्षांपूर्वी कस्टम ड्युटीसकट जे बिल आलं होतं ते बायकोला अजून कळलेलं नाही.

हरिकेनच का, तर स्पिटफायर सगळेच करतात. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये जर्मन विमानं जास्त पाडली ती हरिकेननी, पण फोटो स्पिटफायरचे छापले गेले, आपल्याकडे पण तेच. शिवाय मला ब्रिटनचं विमान करायचंच नाहीये. मला आपल्या एक नंबर स्क्वाड्रनचं करायचंय. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला वापिती नावाच्या दोन पंखी विमानांवर सुरू झालेली ही स्क्वाड्रन, मग लायसँडर आली, त्या घेऊन १९४२ मध्ये तेव्हाचे कमांडर जंबो मजुमदार बर्मात लढले, आणि मग हरिकेन. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्क्वाड्रन इंफाळला गेली तेव्हा कमांडर होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, वय पंचविसाच्या आत. पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख आणि २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले तेच हे.

किटमध्ये यातलं काहीच नाही. डिकल शीटवर, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांच्या कागदावर, सगळी विमानं इंग्लंडची आणि ओळखीच्या सगळ्या गोलांत लाल ठिपका. तो प्रश्न पुढे बघू.

९ जून

कॉकपिट. हरिकेनच्या कॉकपिटला फरशीच नसते, नळ्यांचा सांगाडा आणि पाय ठेवायला दोन पट्ट्या, खाली डायरेक्ट विमानाचं पोट. पायलटच्या हातून पेन्सिल पडली की गेली. किटवाल्यांनी ते बऱ्यापैकी दाखवलंय. नळ्यांना ॲल्युमिनियम, बाजूला आरएएफचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा, तो हिरवट राखाडी, सीटबेल्ट मास्किंग टेपच्या पट्ट्या कापून. बेल्ट लावताना एक बकल उडालं ते फरशीच्या टाईल्समधे कुठे गेलं देव जाणे, अर्धा तास मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यावर. नाही सापडलं.

१६ जून

फ्युजलाज, म्हणजे विमानाचं धड, बंद केलं आणि वैताग सुरू. या साच्यातून कंपनी हरिकेनचे तीन-चार वेगवेगळे मार्क, म्हणजे प्रकार, काढते त्यामुळे मधेमधे जोड आहेत, आणि एक जोड येतो नेमका मागच्या कापडाच्या भागाला लागून. आता इथे थोडं सांगावं लागेल. हरिकेनचा पुढचा भाग आणि पंख पत्र्याचे, पण कॉकपिटच्या मागचं सगळं शरीर म्हणजे स्टीलच्या नळ्या, त्यावर लाकडाच्या उभ्या पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड. शेपटीला पण कापड. १९३५ मध्ये सिडनी कॅमनी हे विमान काढलं तेव्हा त्यांच्या कारखान्याला अशीच विमानं बांधायची सवय होती. जुनाट वाटतं पण त्याचा फायदा असा की गोळी आरपार गेली तर भोकाला ठिगळ लावून विमान संध्याकाळी परत वर. स्पिटफायरला पत्रा ठोकणारा कारागीर लागायचा.

तर किटमध्ये त्या लाकडी पट्ट्यांचे बारीक उंचवटे आहेत, फार छान आहेत, आणि जोड घासायला गेलं की तेच घासले जातात. पुट्टी भरली, बाजूला टेप लावून ६०० चा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासला, तरी दोन पट्ट्या सपाट झाल्याच. त्या परत केल्या, स्प्रू मेणबत्तीवर ताणून केसासारखा धागा काढायचा आणि तो चिकटवायचा. दोन पट्ट्यांना अख्खा रविवार गेला.

२२ जून

पंख बसले. टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ साडेपंचवीस सेंटीमीटर, खऱ्या विमानाचे ४० फूट. आता टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही.

बाहेरच्या दोन तोफा काढून टाकल्या. टू-सीला २० मिलिमीटरच्या चार तोफा असतात, पण बर्मात वजन कमी करायला बऱ्याच विमानांच्या दोन काढायचे. भोकं बुजवली. नाकाखाली तो मोठा व्होक्स फिल्टर मात्र हवाच, धूळ अडवायचा. दिसायला गलगंड झाल्यासारखा, वेगही कमी करायचा. तसंही १९४४ पर्यंत जपानी ओस्कर या लढाऊ विमानाशी समोरासमोर भिडायला हरिकेन कमीच पडायचं, म्हणून एक नंबर स्क्वाड्रनचं मुख्य काम टेहळणीचं होतं. जोडीने जायचं, एकाने खाली झाडीत, पायवाटांवर, नदीकाठी बघत राहायचं आणि दुसऱ्याने आकाश सांभाळायचं.

आजची तारीख बघून आठवलं, २२ जून १९४४ ला कोहिमाकडून येणारं आणि इंफाळकडून निघालेलं सैन्य मैलाचा दगड १०९ ला भेटलं आणि इंफाळला पडलेला जपान्यांचा वेढा उठला. तोपर्यंत जवळजवळ तीन महिने इंफाळचं सगळं, म्हणजे दारूगोळा, पेट्रोल, तांदूळ, विमानाने यायचं. बरीचशी ती विमानं म्हणजे डकोटा.

२९ जून

प्रायमर मारला. कॉम्प्रेसर सुरू केल्यावर पाच मिनिटांत मॉइश्चर ट्रॅपमध्ये पाणी. पाच मिनिटांत! एअरब्रशने एकदा थुंकलं, डाव्या पंखावर थेंब. वाळू दिला, घासला, परत मारला. दर पाच मिनिटांनी थांबून पाणी काढायचं हा नियम केला.

६ जुलै

पोटाला मीडियम सी ग्रे, वर डार्क अर्थ. आज फक्त तपकिरी झाला, विमान चॉकलेटचं दिसतंय आणि मुलगी तेच म्हणाली.

१३ जुलै

हिरवा. आरएएफच्या कॅमोफ्लाजचे पट्टे वाटेल तसे नसतात, त्याचा ठरलेला नकाशा असतो. तो १/४८ ला प्रिंट करून त्यावर ब्लू टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) बारीक वळ्या ठेवल्या, मधल्या जागेत टेप. शेवटी ब्लू टॅक संपला, दुकान बंद, म्हणून मुलीचा खेळायचा क्ले वापरला. करू नका. तेल सुटतं त्याला. उजव्या पंखावर एक तेलकट कड आली ती थिनरने पुसताना खालचा तपकिरी पण आला, मग तेवढा भाग परत पहिल्यापासून. बाकी मास्क काढताना जे काही सुख असतं ते मिळालं, पट्ट्यांच्या कडा मऊ आणि सारख्या आल्यात, स्वतःची पाठ थोपटली.

१४ जुलै

पाठ थोपटायला नको होती. आज ग्लॉस कोट मारला, लॅकर, आणि बघता बघता सगळं विमान पांढुरकं झालं. दूध सांडल्यासारखं. बाहेर धो धो पाऊस, घरातल्या घड्याळावर ह्युमिडिटी ९१ टक्के. मी नुसता बघत बसलो. जेवलो नाही नीट.

कारण माहिती होतं हो. थिनर झपकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि लॅकरमध्ये अडकते. माहिती असून मारला कारण सोमवारपासून ऑफिसात ऑडिट होतं आणि मला तो रविवार वाया घालवायचा नव्हता.

१६ जुलै

ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये शिरलो. ते लोक पावसात गाड्या कसे रंगवतात? तिथला पेंटर हसला, म्हणाला, "रिटार्डर टाका ना साहेब, पावसात साधा थिनर चालतच नाय." रिटार्डर म्हणजे हळू उडणारा थिनर. छोट्या बाटलीत काढून दिला, पैसे घेतले नाहीत. कशाला पाहिजे विचारलं तर मी सांगितलं विमानाला. तो परत हसला.

२० जुलै

सासरे आलेत चार दिवस राहायला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा हवाई दलात होते, १९७४ ला भरती, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे मेकॅनिक. मुळगावकर चीफ होते तेव्हाच्या गोष्टी सांगतात, आपला मराठी माणूस चीफ होता वगैरे. नोकरीची बरीच वर्षं डकोटावर. मला हे माहिती होतं पण माझ्या डोक्यात ते कधी या छंदाशी जोडलंच गेलं नव्हतं, म्हणजे मी प्लास्टिकचं विमान करतो आणि हा माणूस खऱ्या विमानाखाली झोपून काम करायचा, दोन्ही वेगळ्या खोल्यांतल्या गोष्टी.

संध्याकाळी ते बाल्कनीत आले, पांढरं पडलेलं विमान चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ब्लश झालाय." मी चाटच. म्हटलं अण्णा तुम्हाला कसं माहिती? तर म्हणाले, "अहो, डोप असाच पडायचा पांढरा. पावसाळ्यात तर हमखास."

मग जे निघालं ते लिहून ठेवतो. डकोटा सगळा पत्र्याचा, पण त्याचं रडर, एलिव्हेटर, एलरॉन या शेपटी-पंखांच्या हलत्या भागांवर कापड असायचं. ते कापड शिवून बसवलं की त्यावर डोप लावायचा, एक प्रकारचा लॅकरच, पातळ हात एकावर एक. वाळताना तो कापड आवळतो. नीट आवळलं की नाही ते टिचकी मारून आवाजावर ओळखायचं, अण्णा म्हणाले "तबल्याच्या चाटीसारखं टण्ण वाजलं पाहिजे". वास इतका की दुपारपर्यंत डोकं हलकं व्हायचं, मग बाहेर येऊन लिंबू सरबत. आणि हवेत दमट असलं की डोप पांढरा पडायचा आणि पांढरा पडलेला डोप म्हणजे कमजोर डोप, तो तसा सोडून चालत नाही. खोली बंद करून गरम ठेवायची, हळू उडणारा थिनर घालायचा, आणि पडलाच पांढरा तर त्याच थिनरचा पातळ हात मारून तो परत विरघळवायचा म्हणजे अडकलेली वाफ निघून जाते.

म्हणजे गॅरेजवाल्याने दिली तीच बाटली.

मला रात्री झोपताना एकच डोक्यात. इंफाळला जूनमध्ये, तंबूत, बाहेर चिखल, आणि कुणीतरी हरिकेनच्या मागच्या कापडाला पडलेलं भोक बुजवतोय आणि डोप पांढरा पडतोय. त्याच्याकडे गरम खोली कुठून येणार. मी किती पुस्तकं आणि फोटो चाळले असतील, त्यात पायलट आहेत, कमांडर आहेत, माऊंटबॅटन स्वतः इंफाळला येऊन अर्जन सिंगांच्या छातीवर डीएफसी हे शौर्यपदक लावतायत ते आहे. हे कुठेच नव्हतं.

२१ जुलै

खोली बंद, इस्त्रीच्या टेबलावर हेअर ड्रायर अर्धा तास चालू, ह्युमिडिटी ७० वर आणली. रिटार्डर निम्मा-निम्मा थिनरमध्ये, प्रेशर कमी, लांबून धुक्यासारखा मारला. अण्णा शेजारी उभे. पहिल्या हातात काही नाही. दुसऱ्या हाताला पंखाच्या टोकापासून हिरवा रंग परत वर यायला लागला, हळूहळू, काच पुसल्यासारखा. अण्णा म्हणाले "बास, आता हात लावू नका", मी तरी एक हात जास्त मारलाच आणि पोटाला एक ओघळ आला. तो राहू दे, पोट कोण बघतंय.

२७ जुलै

गोल. मुलीने विचारलं, "बाबा, याच्या मधली लाल टिकली कुठे गेली?" टिकली हा शब्द मला फार आवडला, आता तोच वापरणार.

टिकली गेली ती जपान्यांमुळे. त्यांच्या विमानावर लाल सूर्य, आणि घाईत, झाडीच्या वरून, अर्ध्या सेकंदात लाल काहीतरी दिसलं की आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडणार. म्हणून या भागातल्या विमानांवरचा लाल काढला, पांढऱ्याचा फिका निळा केला, आणि बाहेर गडद निळा, आत फिका निळा असा दोनच रंगांचा छोटा गोल ठेवला. शेपटीवरचा झेंडा पण तसाच, दोन निळ्या पट्ट्या. आपल्याच माणसांनी पाडू नये म्हणून.

डिकल नाहीत म्हणून रंगवायचेच होते. सर्कल कटरने मास्किंग शीट कापली, आधी फिका निळा, मग मधे गोल झाकून गडद. फिका निळा तीनदा बदलला, पहिला शाळेच्या युनिफॉर्मसारखा आला होता. शेवटी त्याच गडद निळ्यात पांढरा घालत गेलो, वेगळी बाटली घेतली नाही, तेव्हा जुळला.

पंखांवर आणि शेपटीवर पांढरे जाड पट्टे असलेली बर्माची हरिकेन बऱ्याच जणांनी बघितली असतील. ते पट्टे नंतरचे, माझ्या विमानाला नकोत. आणि १९४४ मध्ये नाव नुसतं इंडियन एअर फोर्स, ते 'रॉयल' मार्च १९४५ मध्ये लागलं, तेव्हा आरआयएएफ हरिकेन इंफाळ १९४४ असं लिहिलेलं दिसलं तर समजून घ्या.

३ ऑगस्ट

पॅनल लाईनला ऑईल वॉश, एग्झॉस्टच्या मागे काळपट पट्टा, थोडा फिकट राखाडी पण त्यात. मग चिपिंग, म्हणजे रंग उडून खालचा पत्रा दिसतो ते. स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून सिल्व्हरमध्ये बुडवून टिपायचा. पंखाच्या मुळाशी जिथे पायलट आणि मेकॅनिक पाय ठेवून चढतात तिथे जास्त, तोफांच्या झाकणांच्या कडेला, नाकाच्या पॅनलवर. हात बसला की थांबवत नाही, मागे शेपटीपर्यंत गेलो. मस्त लढून आल्यासारखं दिसतंय. अण्णांना व्हॉट्सॲपवर फोटो टाकला.

४ ऑगस्ट

अण्णांचा फोन, सकाळी साडेसातला, रविवार आहे. नमस्कार वगैरे काही नाही. "कापडावर पत्रा कुठून आला हो?"

मी फोटो परत बघितला आणि हसावं की रडावं कळेना. दोन महिने कापड कापड करतोय, दोन पट्ट्यांसाठी रविवार घातला, आणि मागच्या सगळ्या कापडी भागावर सिल्व्हरचे टवके. बघितलेल्या कितीतरी मॉडेलांवर हेच असतं, माझ्या आधीच्या दोन हरिकेनवर पण आहे. अण्णा म्हणाले, आमच्या डकोटाला रंगाखाली सिल्व्हर डोपचा हात असायचा, पण कापडाचा रंग पत्र्यासारखा टवका होऊन उडत नाही. उन्हाने फिका पडतो, तडकतो, पट्ट्यांवर घासून विटतो, आणि फाटलं की ठिगळ. ठिगळाची कड कातरीने करवतीसारखी दातेरी कापायची म्हणजे दोरे सुटत नाहीत. वरून डोप. नव्या ठिगळावरचा रंग आजूबाजूच्या जुन्या रंगाशी कधीच जुळत नाही, "आमच्या साहेबांनी कितीही ओरडलं तरी".

१० ऑगस्ट

मागचा भाग परत रंगवला. ग्लॉस कोटपर्यंत घासून नाही, नुसते टवके झाकत तपकिरी आणि हिरवा, मुद्दाम किंचित फिका, ऊन खाल्लेला. लाकडी पट्ट्यांच्या माथ्यावर आणखी फिका, कोरड्या ब्रशने.

मग ठिगळं. टिश्यू पेपर, सिगारेटचा कागद जास्त बारीक असतो पण घरात नाही आणि आणायला गेलो असतो तर पानवाल्याने सोसायटीत बातमी केली असती. तीन-चार मिलिमीटरचे चौकोन, कडेला दाते काढायचा प्रयत्न केला, १/४८ ला ते मलाच भिंगातून दिसतात. पातळ वार्निशने चिकटवले. एकूण चार. गोळ्या आत जाताना एका बाजूला दोन, बाहेर येताना दुसऱ्या बाजूला दोन, थोडी तिरकी ओळ. तीनवर ताजा गडद हिरवा-तपकिरी, चौथं नुसतं लालसर डोपचं ठेवलं, त्या काळी खालचा डोप लाल असायचा. घाईत वरचा रंग मारायचा राहिला असं समजा. आणि त्या चौथ्याच्या एका कोपऱ्यात, अगदी जरासा, पांढुरका हात मारला. ब्लश. हे मुद्दाम. कुणाला दिसणार नाही.

१५ ऑगस्ट

मॅट कोट, रिटार्डर घालून, एकदाही पांढरा पडला नाही. कॅनोपीचे मास्क काढले. चाकं, प्रॉपेलर, पिटो ट्यूब (वेग मोजायची बारीक नळी). चाकांना किंचित चिखल, जास्त नाही. झालं.

१८ ऑगस्ट

अण्णा आले. विमान त्यांच्या हातात दिलं, नको होतं द्यायला, पण दिलं. मी तोफा दाखवल्या, गोल दाखवले, एग्झॉस्ट दाखवला, त्यांनी हो हो केलं आणि उलटं करून थेट मागे बघितलं. भिंग मागितलं. एक, दोन, पलीकडे तीन, चार. चौथ्यावर थांबले.

"हे ब्लश झालंय."

म्हटलं हो, मुद्दाम.

"मुद्दाम काय? असं सोडता येत नाही. फॉर्म ७०० वर सही कोणी केली याची?"

फॉर्म ७०० म्हणजे विमानाची वही. काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, कोणी केलं, कोणी तपासलं, सह्या झाल्याशिवाय विमान उडायला देत नाहीत. आपल्याकडे अजून हेच नाव. मी म्हटलं अण्णा, आता तुम्हीच तपासा. किटच्या सूचनांच्या कागदामागे त्यांनी मुलीच्या स्केचपेनने उभ्या रेघा मारून रकाने पाडले आणि त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं: मागील फ्युजलाज, कापड, चार ठिगळं, पैकी एक पुन्हा डोप करणे. खाली सही, तारीख. मी ब्रश आणला, रिटार्डरचा एक थेंब, पांढरं गेलं. मग त्यांनी त्या ओळीसमोर दुसरी सही केली.

विमान फ्रिजवर ठेवताना पिटो ट्यूब मोडली. अण्णा अजून सोफ्यावर होते, त्यांनी कागद परत मागून घेतला.